खात्याला वाहिलेल्या अक्षता

समईत तेल भरपूर आहे, लवकर विझायची नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसा. मी वाती वळता वळता सांगते. हात कामात असले की सांगताना आवाज कापत नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शेवटच्या गुरुवारची पूजा झाली. शुक्रवारी सकाळी मी महालक्ष्मीची उत्तरपूजा केली, कलशावर अक्षता वाहिल्या, कलश जरासा हलवला आणि दरवर्षीसारखं म्हटलं, "आई, पुन्हा यावं." आपल्याकडे देवाला कोणी 'जा' म्हणत नाही. देवालाच काय, दारातून निघालेल्या पाहुण्यालाही म्हणत नाही. निरोप द्यायचा तो पुन्हा येण्याचाच. उरलेल्या अक्षता कागदाच्या पुडीत बांधून मी बटव्यात ठेवल्या आणि दहाच्या ऑटोने सिंदीला निघाले.

काम साधं होतं. एक अकाउंट बंद करायचं होतं.

बँकेतलं नव्हे. फोन पाहता पाहता मध्येच जाहिराती येतात ना, साड्यांच्या, मसाल्यांच्या? त्या देण्यासाठी उघडतात, तसलं. माझी धाकटी जाऊ रूपाली, तिनं ते आदल्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास उघडलं होतं. माझं लक्ष वातींचं व्रत असतं. मला वाती वळताना पाहून एकदा ती म्हणाली, "ताई, ह्या वाती पुण्या-मुंबईच्या बायाईले विकल्या तं? त्याईले कुठं येतात वळता!" घरचा कापूस आणि दोघींचे चार हात. फुलवाती, लांब वाती, देवाची कापसाची वस्त्रं, अशी पाकिटं करायचं ठरलं. जाहिरातीसाठी मी तिच्या हातांचा व्हिडिओ काढला. फक्त हातांचा. तिचे हात रुंद होते, शेतातल्या कामानं राठ झालेले. पण वात वळू लागली की असे हलके व्हायचे, जणू कापूस आपणहूनच वळतो आहे.

ती जाहिरात लागलीच नाही. आदेशला, म्हणजे माझ्या दिराला, तिच्या नवऱ्याला, ते कळलं. "जगाले हात दाखवून राह्यली का?" एवढंच तो म्हणाला. पाट्यावरचा वरवंटा त्यानं तिच्या बोटांवर ठेवला. मारला नाही. ठेवला, आणि वरून सगळा भार देऊन उभा राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मोडली. तिचा फोन चुलीत गेला. अकाउंट माझ्या नंबरावर होतं म्हणून तेवढं राहिलं. न वापरलेलं, रिकामं. मार्गशीर्ष सरता सरता रूपालीला सकाळचं अन्न ठरेनासं झालं; सासूबाई तिला गुपचूप चिंच आणून द्यायच्या, मी काही विचारलं नाही.

आणि त्याच पौषात, मौनी अमावस्येला, रूपाली गेली.

आमच्याकडे मागच्या खोलीत कापूस भरतात, भाव येईपर्यंत. त्या खोलीला खिडकी नाही. भर दुपारीही आत अंधारच असतो, आणि आढ्यापर्यंत पांढरी गंजी. आत पाऊल टाकलं की कान बंद झाल्यासारखे वाटतात. स्वतःचं बोलणंसुद्धा लांबून कोणी बोलावं तसं ऐकू येतं. वास कोमट, सरकीच्या तेलाचा, जरासा उबट. लोकांना सांगितलं की ती कापूस तुडवायला वर चढली, गंजी ढासळली, खाली सापडून गुदमरली.

मला त्याहून जास्त ठाऊक होतं. त्या दिवशी माझं मौन होतं, सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. दुपारी मी स्वयंपाकघरात होते. मागच्या खोलीतून तिची हाक आली, "ताई!" मग पुन्हा, अर्धीच, "ता..." त्यानंतर नुसते धपके. पिंजारी गादी झोडतो तसे. धप्प... धप्प... मी धावले. दाराला आतून कडी. मी दोन्ही तळव्यांनी दार बडवलं, पण तोंड उघडलं नाही. समोरच्या रस्त्यावर कापूस वेचून आलेल्या बाया डबे सोडून बसल्या होत्या. एक हाक मारली असती तर वीसजणी आल्या असत्या. माझ्या सासूबाई, देवकाबाई, मागून येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "तुह्यं मौन हाये नं बाई? मोडू नको. सोळा वर्साचं व्रत हाये."

मी मोडलं नाही.

थोड्या वेळानं धपके थांबले. कडी निघाली. आदेश अंगावरचा कापूस झटकत बाहेर आला आणि विहिरीवर हात धुवायला गेला. त्याच्या डाव्या दंडावर दातांचा ठसा होता, खोल, त्यातून रक्त येत होतं. तो ठसा माझ्याशिवाय कोणी पाहिला नसावा.

त्यानंतरचे दिवस मी देवावर हवाला ठेवून काढले. माणूस सुधारतो, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. आदेशनं दारू सोडली. गळ्यात माळ घातली. माझ्यासोबत सोमवार धरले, कथेला बसायला लागला. मी मनाशी म्हणायची, बिचारी गेली, पण एक जीव तरी मार्गाला लागला. असं म्हणत म्हणत अकरा महिने गेले, आणि त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहिली गेली. आर्वीच्या सदाशिवरावांची वर्षाली.

तेव्हा मात्र माझी झोप उडाली. एक परकी पोर त्या घरात येणार होती, आणि तिथं काय झालं ते सांगू शकेल असं तोंड एकच होतं. माझं. मी रोज ठरवायची की निरोप धाडावा. रोज वाटायचं, तो बदलला आहे, कशाला उकरायचं?

अशात सासूबाई म्हणाल्या, "अन्नपूर्णे, मध्यस्थ सांगून राह्यला, त्या पोरीच्या फोनवर आपल्या घरची जाहिरात येते म्हणे. वातींची, खाली तुह्यं नाव. आपण कुठं देली? थे खातं बंद कर पह्यले. रविवारी लोकं घर पाहाले येऊन राह्यले. मेलेल्या बाईचे हात कायले दाखवा लागते त्याईले?"

म्हणून मी त्या शुक्रवारी मेघाच्या दुकानात गेले.

स्टेशनच्या रस्त्यावर मेघाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोरगी हुशार, तोंडानं फटकळ, मनानं लोण्याची. मला पाहून म्हणाली, "या काकू. पीकविमा का आधार?"

"जाहिरातीचं अकाउंट बंद करायचं हाये."

"अरे बापरे! काकू जाहिरातवाल्या निघाल्या! आन् आमी इथं पाटी रंगवाले पेंटर शोधून राह्यलो."

मी हसले. माझ्या फोनवर आलेला आकडा तिला सांगितला. तिनं खटाखट बटणं दाबली, आणि मग तिचे हात थांबले.

"काकू, तुमी तं म्हणता वापरलंच नाई. एक जाहिरात चालू हाये नं."

"कधीपासून?"

तिनं तारीख वाचली. मौनी अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाची.

"कोणाले दिसून राह्यली पाहू..." ती स्क्रीनजवळ वाकली. "बाया. वय चोवीस. गाव आर्वी, एका किलोमीटरच्या आत. पोचली किती जणाईले? एक." तिनं माझ्याकडे पाहिलं. "काकू, एका माणसासाठी कोणी जाहिरात देते का? आन् थ्या एकीलेच, रोज, वर्षभर?"

चोवीस वर्षांची, आर्वीची. पण त्या जानेवारीत वर्षालीचं नावही आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. आदेशसाठी मुलगी पाहायची, हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

"दाखव," मी म्हटलं.

तेच हात. रुंद, राठ. वात वळत होते. पण करंगळी आणि शेजारचं बोट मोडलेलं, उलट्या बाजूला लोंबणारं. मी व्हिडिओ काढला तेव्हा ती बोटं धड होती. मग कॅमेरा वर गेला. मी कधी वर नेलाच नव्हता. रूपालीचा चेहरा दिसला. एक डोळा सुजून बंद, ओठ फुटलेले. ती काहीतरी बोलत होती, पण आवाज नव्हता. बोलताना तोंड उघडलं की आत जीभ दिसत नव्हती. घशापर्यंत गच्च पांढरं भरलेलं होतं.

मेघानं खिडकी झटकन लहान केली.

"काकू... हे कोण हाये?"

"बंद कर," मी म्हटलं. "बाई, तेवढं बंद कर."

आज मागे वळून पाहते तेव्हा कळतं. ती बिचारी मेल्यावर बोलायला एक भोक शोधत होती. मला नाही सांगता आलं ते ती त्या पोरीला रोज सांगत होती. आणि मी गेले ते भोक बुजवायला. पण तेव्हा मला एवढंच वाटलं की जीव अडकला आहे, तो सुटावा, तिला शांती मिळावी.

"कारण विचारून राह्यलं," मेघा हलक्या आवाजात म्हणाली. "'आता गरज नाही', हे टाकू?"

"टाक."

"आता हे शेवटचं तुमीच दाबा. मी नाई दाबत."

मी दाबलं. आणि माझा हात सवयीनं बटव्याकडे गेला. चाळीस वर्षं काहीही विसर्जन करताना जसा जातो, तसाच. पुडी सोडली, चार दाणे त्या स्क्रीनपुढे टाकले, हात जोडले आणि म्हटलं, "बाई, पुन्हा यावं."

मेघा माझ्याकडे पाहतच राहिली. "काकू," ती म्हणाली, "बंद करून राह्यल्या का बलावून राह्यल्या?"

शनिवारी सकाळी मागचं अंगण झाडायला गेले तर कापसाच्या खोलीच्या दाराखालून कापूस बाहेर आला होता. वाऱ्यानं उडालेला नव्हे. हातभर लांब, वळून वळून पीळ दिलेला, दाराच्या फटीतून सरकून बाहेर आलेला. मी तो उचलायला वाकले. तो गरम होता. दिवसभर मला धपके ऐकू येत होते, पण फार हळू, भिंतीच्या आत कोणी उशीत तोंड घालून रडावं तसे. आमच्या ह्यांना, चंद्रभानरावांना, विचारलं. ते म्हणाले, "उंदीर असन. सरकीले येते." जेवताना सासूबाईंचा घास तोंडाशी जाऊन थांबत होता.

रविवारी दुपारी सदाशिवराव आणि वर्षाली आले. साधी माणसं. बैठकीत आमचे हे, सासूबाई आणि आदेश त्यांच्याशी बोलत बसले. मी पोहे टाकायला आत गेले. पाचच मिनिटांनी वर्षाली पाण्याचा गडू घ्यायच्या निमित्तानं माझ्यामागे आली. सडपातळ, सावळी, डोळे फार जागे.

"ताई, एक विचारू? रागावसान नाई नं?"

"विचार बाई."

"माह्या फोनवर एक बाई याची. वाती वळे. सकाळी फोन उघडला की पह्यले थेच. परवापासून येत नाई. लोकं म्हणतात असं काही दिसलं की भेव वाटते. मले परवापासून भेव वाटून राह्यलं. थे याची तेव्हा नाई वाटे."

कढईतली मोहरी जळायला लागली. मी गॅस बंद केला.

"थे काहीतरी म्हणे, पण आवाज नसे," ती म्हणाली. "मी आरशासमोर तिच्यासारखं तोंड करून पाहिलं कितीदा. मले वाटते, थे म्हणे, 'येऊ नको.' बाबाले सांगितलं तं बाबा हासले. म्हणे, जाहिरात पाहून कोणी सोयरीक मोडते का? म्हणून म्या म्हटलं, घरच्या बाईलेच विचारतो. ताई, थे तुमची जाऊ होती नं? कशी मेली थे?"

बैठकीतून सासूबाईंची हाक आली, "अन्नपूर्णे, पोहे झाले का?" त्या हाकेत काय होतं ते मला बरोबर कळलं.

अमावस्या नव्हती, व्रत नव्हतं, अडवणारं कोणी नव्हतं. तरी तोंड उघडेना. मग ते उघडलं, आणि जे बाहेर आलं त्यानं मीच दचकले, कारण मला वाटलं होतं मी कुजबुजेन.

"त्यानं मारलं तिले. कापसाच्या खोलीत, तोंड दाबून. मी दाराशी उभी होतो आन् गप्प राह्यलो. तू येऊ नको बाई. बाबाले घे आन् आत्ताच्या आत्ता निघ."

वर्षालीनं हातातला गडू ओट्यावर ठेवला. माझ्या पायांना हात लावला आणि पुढे गेली, जवळजवळ धावतच.

मी वळले तर मागच्या दारात आदेश उभा होता. बैठकीतून केव्हा उठून मागनं आला, कळलं नाही. गळ्यात माळ. कपाळावर मीच सकाळी लावलेला गंध.

"वहिनी," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आज मौन नाई वाटते तुमचं."

त्यानं माझा अंबाडा धरला. दुसरा हात तोंडावर, असा की दात ओठात रुतले आणि रक्ताची चव आली. अंगणातून मला फरफटत नेलं. पायरीला अंगठा आपटून नख निघालं, ते मला नंतर कळलं. कापसाच्या खोलीचं दार, कडी, अंधार, तो उबट वास. त्यानं मला गंजीवर पालथं पाडलं आणि पाठीवर गुडघा रोवला.

पहिली बुक्की बरगडीत बसली. आत काहीतरी तुटलं, वाळकी काडी मोडते तसं. दुसरी मानेत. मग त्यानं डोक्याच्या मागून धरून माझं तोंड कापसात दाबलं.

तुम्हाला सांगते, कापूस मऊ असतो, असं आपण समजतो. तो मऊ नसतो. तो नाकात शिरतो, तोंडात शिरतो, ओलसर होऊन टाळूला चिकटतो. सरकीचे दाणे डोळ्यांवर रुततात. ओरडावं तर ओरडणंच आत ढकललं जातं. मी हातपाय झाडले. कानात माझंच रक्त धप्प... धप्प... वाजत होतं. मला वाटलं, बरोबर आहे. हीच माझी जागा. तिला असंच वाटलं असेल, आणि दाराबाहेर मी उभी होते.

तेवढ्यात गंजीच्या आत, खोलवर, कोणीतरी माझा उजवा हात धरला.

गार हात नव्हता. उबदार होता. घट्ट. त्यानं मला आधी खाली ओढलं, मग सगळी गंजी उतू जाणाऱ्या दुधासारखी वर आली आणि मी भिंतीवर जाऊन आदळले. खोकत, ओकत मी तोंडातला कापूस काढला. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत येत होती. तेवढ्या उजेडात पाहिलं.

आदेश गंजीवर गुडघे टेकून होता आणि कापसाला बुक्क्या मारत होता. तिथं आता कोणी नव्हतं, तरी मारत होता. त्याची मनगटं कोणी धरून उचलावीत आणि आपटावीत, तशी वरखाली होत होती. प्रत्येक बुक्कीला कापसातून आवाज येत नव्हता. आवाज त्याच्याच अंगातून येत होता. धप्प, आणि त्याचा गाल आत गेला. धप्प, आणि नाकाचं हाड बसलं. पांढऱ्यावर रक्ताचे शिंतोडे उडत होते. तो ओरडत होता, "वहिनी, माहे हात धरा! माहे हात धरा वो!" आणि मारत होता. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट कडकन उलटी वळली. मग हात बुक्क्या मारायचे थांबले, मुठी भरून कापूस उचलायला लागले आणि त्याच्याच तोंडात कोंबायला लागले. एक मूठ. दुसरी. जबडा मोडल्याचा आवाज आला. डोळे माझ्याकडे होते.

बाहेरून दार बडवायला लागले. आमचे हे, सदाशिवराव, आणि सगळ्यांच्या वर सासूबाईंचा आवाज, "अन्नपूर्णे! कडी काढ! माह्या लेकराले सोडव! थे आली हाये, मले ठाव हाये थे आली हाये! अक्षता टाक आन् धाड तिले! 'जा' म्हण! एकडाव 'जा' म्हण तिले!"

बटवा कमरेला होता. पुडीत दाणे होते. माझ्या हाताला ते लागलेसुद्धा. एक शब्द होता, आणि कदाचित तो सुटला असता.

आयुष्यात तो शब्द मी कोणाला म्हटला नव्हता. त्या दिवशीही म्हटला नाही. त्यात सवय किती होती, दया किती आणि राग किती, ते माझं मलाही आजवर कळलेलं नाही.

सगळं शांत झालं तेव्हा मी उठून कडी काढली.

तो कमरेपर्यंत गंजीत गेलेला होता, डोकं खाली. दोघांनी पाय धरून ओढलं. आतूनही कोणी ओढत असावं, कारण खांदा निखळल्याचा आवाज झाला, पण तो बाहेर येईना. मग एकदम सुटला. दवाखान्यात नेला, तो नेण्यापुरताच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घशातून जे काढलं ते स्टीलच्या ट्रेमध्ये आमच्या ह्यांना दाखवलं. सुटा कापूस नव्हता. वाती होत्या. सरकी काढून, पिंजून, नीट वळलेल्या वाती, एकीला एक लागून.

कागदावर लिहिलं गेलं की कापसाच्या गंजीत सापडून मृत्यू. पहिल्या वेळी लिहिलं होतं तेच. जबाबात मात्र मी दोन्ही दिवस सांगितले, काही वगळलं नाही. वर्षाली शेवटपर्यंत माझा खांदा धरून बसली होती. ती आता वर्ध्याला नर्सिंग शिकते, दर गुरुवारी फोन करते, "ताई, कथा वाचली का?" म्हणून विचारते. तिचा आवाज ऐकला की वाटतं, देवानं अगदीच पाठ फिरवली नाही माझ्याकडे. सासूबाईंनी त्या दिवसापासून बोलणंच टाकलं आहे.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी सुखानं संपवली असती.

त्या संध्याकाळी अंग धुताना मी पाहिलं. उजव्या मनगटावर, कापसात ज्यानं धरलं होतं तिथं, बोटांचे वळ उठले होते. मी त्यांना नमस्कार करणार होते, रूपाली म्हणून. पण नीट पाहिलं. रूपालीचा हात रुंद होता, माझ्याहून मोठा. ही बोटं तुरीच्या शेंगेएवढी होती. पाच. इवली इवली नखंही उमटलेली.

सासूबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी त्या वळांवर कपाळ टेकलं आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. त्यांना काय ठाऊक होतं, ते आता त्या सांगणार नाहीत.

वळ गेले नाहीत. मी हळद लावली, खोबरेल लावलं. चैत्रात पाहिलं तर बोटं जराशी लांब झाली होती. आषाढात अंगठा मनगटाच्या पलीकडे पोचला. दुखत नाही. कधी कधी फक्त जड वाटतं, बाजारात गर्दी असली की.

परवा कासारीण आली होती, श्रावणाच्या बांगड्या भरायला. ओसरीवर आम्ही दोघीच होतो. आम्हाला मूलबाळ नाही, हे तिला ठाऊक नाही. ती आर्वीकडची, पहिल्यांदाच आलेली. डाव्या हातात तिनं सहज सात हिरव्या बांगड्या भरल्या, गप्पा मारत, माझ्याकडे न पाहता. मग उजवा हात मांडीवर घेतला, बोटं दाबली, बांगडी चढवली. ती मनगटापाशी अडली. तिनं तेल लावलं. पुन्हा अडली. मग ती माझ्या हाताच्या पलीकडे, जरा खाली, जिथं कोणी नव्हतं तिथं पाहून हसली, आणि मला म्हणाली,

"बाई, लेकराले म्हणा नं, जरासक हात सोड."